सावडीचे नातेवाईक

मला किडनीचा आजार झाला आणि मी गावात सांगितलं की माझा जमिनीचा दावा चालू आहे.

पुढं जे जे झालं ते सगळं या एका वाक्याच्या पोटातून निघालं. म्हणून ते आधी लिहून टाकलं.

वडवणीत माझा मंडपाचा धंदा आहे. मंडप, खुर्च्या, भांडी, स्पीकर. तालुक्यातली लग्नं, बारशी, तेरावी, पुढाऱ्यांचे सत्कार, सगळ्यांना सावली मी पुरवतो. अशा माणसाला आठवड्यातून दोनदा बीडला नेऊन मशीनला लावतात हे कळलं तर? उन्हाळ्यातलं लग्न दिवाळीत ठरवायला आलेलं गिऱ्हाईक माझ्याकडं बघणार आणि मनात म्हणणार, मंडप तर उभा राहील, पण हा राहतो का तोवर? आणि उठून दुसऱ्याकडं जाणार.

मग दर सोमवारी आणि गुरुवारी बीडला जायला पटेल असं कारण हवं होतं. आमच्याकडं तसं कारण एकच. तारीख. तारखेला निघालेल्या माणसाला कुणी अडवत नाही, उलट बसमध्ये जागा देतात. मी सांगितलं, दावा आहे, तारखा पडायल्यात. आठवड्यातून दोनदा तारीख देणारं कोर्ट या देशात आजवर झालेलं नाही, हे गावात एकाच्याही लक्षात आलं नाही. किंवा आलं असेल, आणि त्यांना वाटलं असेल की प्रकरणच तेवढं मोठं आहे.

*

आजार कळला तो दिवस सांगतो.

पायाला सूज आली तेव्हा मी चप्पल बदलली होती. नवी चप्पलही रुतायला लागली तेव्हा जाऊन दुकानदाराशी भांडलो. शेवटी कावेरीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, माझ्या नडगीवर बोट दाबलं. कणकेत रुतावं तसं ते रुतलं आणि खड्डा तसाच राहिला.

"चला बीडला," ती म्हणाली.

"मंगळवारी सत्कार आहे."

"तुमचा न्हाई ना? मग चला."

डॉक्टरीण मला लेक शोभेल एवढ्या वयाची. तिनं रिपोर्ट बघितले आणि पहिला प्रश्न विचारला, "सोबत कोण आहे?" तेव्हा मला तो प्रश्न साधा वाटला. तो किती महागात पडतो हे पुढं कळलं. मग ती म्हणाली, दोन्ही किडन्यांचं काम जवळजवळ थांबलंय. जनरेटर बंद पडल्यावर मेकॅनिकला विचारतो तसं मी विचारलं, "मग सुरू कधी होतील?"

"होणार नाहीत, काका. आता मशीनवर."

बाहेर येऊन आम्ही बाकावर बसलो.  कावेरीनं पिशवीतून भाकरी काढली, ठेचा काढला. डॉक्टरणीनं मला मीठ बंद सांगितलं होतं. तिनं ठेचा परत बांधून ठेवला आणि आम्ही दोघांनी कोरडी भाकरी खाल्ली. तिला मीठ कुणीच बंद केलं नव्हतं. त्या दिवसाचं मला बाकी फारसं आठवत नाही. तो परत बांधलेला ठेचा आठवतो.

*

आता दाव्याचं फळ ऐका.

दावा म्हटलं की समोर कुणीतरी लागतं. मी नाव घेतलं नाही, म्हणून गावानं घेतलं. माझ्या रानाला लागून माझ्या चुलतभावाचं, किसनअण्णाचं रान. मधे एक बांध, बांधावर आमच्या लहानपणचं बोरीचं झाड. गावानं ठरवलं की दावा बांधाचा आणि सामनेवाला किसन. किसनअण्णाला हे पारावर कळलं. तो माझ्याकडं विचारायला आला नाही. आमच्यात विचारत नाहीत. त्यानं सरळ वकील गाठला.

मला वाटलं, अण्णा बोलत नाही म्हणजे कामात असेल. सोयाबीन निघायचे दिवस होते. माझ्या डोक्यात तेव्हा फक्त पाणी होतं. दिवसाला मोजून पाणी प्यायचं, आणि हे बीड जिल्ह्याच्या माणसाला सांगायचं. एकदा मशीनला जाण्याआधी स्टँडवर उसाचा रस प्यायलो, बर्फ घालून. तिथं मशीनवर घेण्याआधी वजन करतात. सिस्टरनं काटा बघितला, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "रस का शरबत?" गावाला मी फसवलं, काट्याला फसवता आलं नाही.

*

दवाखान्याचं नाव लिहीत नाही. अजून तिथंच जावं लागतं.

तिथल्या खिडकीवर एक पाटी आहे. रुग्णासोबत जबाबदार नातेवाईक असल्याशिवाय मशीनवर घेतले जाणार नाही. नियमामागं कारण आहे, मला कळतं. अचानक बीपी पडतो, इंजेक्शन आणायला धावावं लागतं, सही लागते. माणूस सोबत असावा हे कुणीही म्हणेल. पण ही पाटी लावणाऱ्यानं आपल्या जिल्ह्याकडं कधी डोळे उघडून बघितलं आहे का? दसरा झाला की इथली अर्धी गावं रिकामी होतात. कोयते घेऊन माणसं ऊस तोडायला निघून जातात, ती होळीच्या सुमाराला परत येतात. मागं राहतात म्हातारे, आजारी आणि कुलपं. आणि आपण त्या मागं राहिलेल्यांना म्हणतो, माणूस आण, तरच जगवू.

गयाबाई तलवाड्याची. साठीच्या पुढची, हडकुळी, तोंडात कायम एक लवंग. तहान मारायला लवंग धरायची हे मला तिनंच शिकवलं, आणि हा आजार असलेल्या प्रत्येकाला मी ते सांगतो. दसऱ्यापर्यंत तिचा मुलगा तिला घेऊन यायचा. मग मुकादमाचा ट्रक आला आणि मुलगा-सून उसाच्या फडावर गेले. मशीनच्या पुढच्या पाळीला ती एकटीच एस.टी.नं आली.

"आजी, नातेवाईक?" खिडकीतल्या माणसानं विचारलं.

"फडावर हाय."

"मग इथं कोण आहे?"

"मी हाय की."

"तुम्ही रुग्ण. नातेवाईक आणा."

"सांगलीच्या पल्याडून आणू व्हय आता?"

त्यानं पाटीकडं बोट केलं. ती वाचता येत नाही म्हणाली. मग त्यानं वाचून दाखवली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी पुढं होऊन म्हणालो, "मी यांचा नातेवाईक. लिहा."

"तुम्ही पेशंट आहात. पेशंट नातेवाईक होत नसतो."

असं वाक्य माणूस तोंडातून काढू शकतो, आणि काढून वर चहाही पिऊ शकतो. कावेरी तेव्हा माझं इंजेक्शन आणायला बाहेर गेली होती. ती येईपर्यंत गयाबाई पिशवी उचलून स्टँडकडं गेली होती.

चार दिवसांनी ती आली तेव्हा आधी मी तिला ओळखलंच नाही. चेहरा सुजून डोळ्यांच्या फटी झाल्या होत्या. दोन शब्दांमधे श्वास घ्यायला थांबत होती. ज्यांना हा आजार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: जे पाणी बाहेर पडत नाही ते छातीत चढतं. एक पाळी चुकली की माणूस घाबरतो. दुसरी चुकली की घाबरायला उरेलच असं नाही.

आणि खिडकीतून पुन्हा तेच. "आजी, नातेवाईक?"

"मी हाय. सून," मागून आवाज आला.

ही शोभा. चकलांब्याची, तिशीतली, शेतमजुरी करणारी. तिचा नवरा अशोक आमच्याच पाळीत मशीनला असायचा. खिडकीतला माणूस म्हणाला, "तुम्ही तर अशोकच्या बायको."

"मग? बायको झाली की सून होता येत न्हाई का?"

त्यानं दोघींची आडनावं पुढंमागं वाचली आणि हसला. आमच्याकडं आडनावावरून गल्ली कळते आणि गल्लीवरून बाकीचं सगळं. शोभा बौद्ध. गयाबाईचं घर मराठ्याचं. त्यानं गयाबाईलाच विचारलं, "आजी, ही तुमची सून?"

गयाबाईनं एक श्वास घेतला. "डोळं मपलं सुजल्यात, तुझं न्हाई. नीट बघ. सून हाय."

त्यानं सही घेतली.

*

त्या दिवशी मशीनं चालू असताना व्हरांड्यात शोभानं सावड मांडली.

सावड ही आमच्याकडच्या बायकांची खुरपणीची रीत. आज सगळ्याजणी मिळून तुझ्या रानात, उद्या माझ्या. मजुरी कुणी कुणाला देत नाही, पण दिवस फेडावा लागतो. जी फेडत नाही तिच्या रानात पुढं कुणी पाय ठेवत नाही. शोभाचं म्हणणं सरळ होतं. आठवड्यातून दोनदा नवऱ्यासोबत येऊन बसायचं म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडते. चार पेशंटांची चार माणसं दिवसभर एकाच व्हरांड्यात बसून माशा मारतात. त्यापेक्षा एकानं बसायचं आणि सगळ्यांना सांभाळायचं, बाकीच्यांनी कामाला जायचं. पुढच्या पाळीला दुसऱ्यानं बसायचं.

"आन् मपलं माणूस?" गयाबाईनं आतल्या खाटेवरून विचारलं.

"तुमचा लेक होळीला आल्यावर फेडंल. तवर उसना."

मीही खाटेवरून हे ऐकत होतो. दारं उघडीच असतात. मशीनवरून सुटल्यावर बाहेर आलो आणि म्हणालो, "फार चांगलं केलंत. गरिबांनी असं एकमेकांना धरून राहायला पाहिजे."

तोंडातून गेलं ते गेलं.

"तुमी न्हाई का मग सावडीत, मामा?" शोभा म्हणाली.

"माझ्यासोबत कावेरी असते ना. तुम्हाला काही लागलं तर सांगा. खुर्च्या पाठवतो."

"खुर्च्या हायत, मामा. बसायला माणूस न्हाई."

परत येताना बसमध्ये कावेरी म्हणाली, आपणही सावडीत जाऊ. मी म्हणालो, आपल्याला काय गरज? ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "बसणार मी. गरज तुमी सांगायलात."

*

काही आठवड्यांनी दवाखान्यात एक संस्था आली. बॅनर, टी-शर्ट, बिस्किटं. अल्प उत्पन्न कुटुंबांचे सामाजिक आधार-जाळे बळकट करण्याविषयी कार्यशाळा. बोलणारे सर पुण्याचे, गोड बोलायचे. त्यांनी सगळ्यांना एकेक कागद दिला. मधे एक गोल काढा, त्यात स्वतःचं नाव लिहा. बाजूला त्या माणसांची नावं लिहा जी तुमच्या अडचणीला धावून येतील.

मी पेन घेतलं आणि सुटलो. ज्याच्या तीन पोरांना माझ्या मंडपात हळद लागली तो. ज्याच्या विजयाचा सत्कार उधारीवर झाला तो. व्यापारी, मास्तर, पाहुणे, मेहुणे. कागद भरला तेव्हा उलटा करून मागं लिहिलं. सरांनी तो उचलून सगळ्यांना दाखवला. "पाहा. याला म्हणतात समृद्ध सामाजिक भांडवल."

मी नम्रपणे मान खाली घातली. आज आठवलं की तीच मान भिंतीवर आपटावीशी वाटते.

गयाबाईचा कागद शोभानं भरला होता. त्यावर तीन नावं, तिन्ही त्या व्हरांड्यातली. सर वाकून म्हणाले, "आजी, नाती वाढवायला हवीत. माणसं जोडली पाहिजेत."

गयाबाई लवंग गालात सरकवून म्हणाली, "जोडलेली हायत की सायेब. समदी फडावर हायत."

सगळे हसले, सरही हसले, आणि मला मात्र संताप आला. ही बाई नाती वाढवत नाही म्हणून एकटी आहे का? तिचा मुलगा तिला टाकून गेला आहे का? तो रोज फोन करतो. इथं काम नाही, म्हणून तो तिथं आहे. आम्ही आधी माणसाची माणसं अर्ध्या वर्षासाठी ट्रकमध्ये भरून पाठवतो, मग त्याच माणसाला बिस्किट देऊन विचारतो, तुझं जाळं एवढं विरळ का? मी उठून म्हणालो, "सर, त्या खिडकीवर पाटी आहे. तेवढी काढायला सांगाल का? सोबत कुणी नसलं तर दवाखान्यानं एक माणूस द्यावा, एवढंच. बाकीचं जाळं आम्ही विणतो."

सर म्हणाले, "मुद्दा महत्त्वाचा आहे. पण तो आमच्या प्रकल्पात बसत नाही."

मग फोटो काढला. पाटीखालीच, कारण तिथं उजेड चांगला होता.

*

आणि मग कावेरी पडली. भांड्यांचा टेम्पो भरताना फळीवरून पाय सटकला आणि मनगट मोडलं. वडवणीतच प्लास्टर घातलं. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर प्रवास नको. दुसऱ्या दिवशी माझी पाळी.

मी निश्चिंत होतो. माझ्याकडं कागद होता, दोन्ही बाजूंनी भरलेला.

सकाळी पहिला फोन तीन पोरांच्या हळदीवाल्याला केला. म्हटलं, आज माझ्यासोबत बीडला येतोस का? तो आवाज खाली आणून म्हणाला, "सुदाम, तुझ्या अन् किसनच्या भांडणात मला साक्षीला ओढू नको बाबा. मला दोघं सारखे."

दुसरा म्हणाला, "वकील हाय ना तुझा? मग मी येऊन काय करू?"

तिसरा म्हणाला, आज जमत नाही, पण निकाल लागला की पेढे आण.

चौथ्याला मी खरं सांगितलं. म्हटलं, दावाबिवा काही नाही. माझ्या किडन्या गेल्यात, मला मशीनवर घेतात, सोबत माणूस लागतो. तो मनापासून हसला. "लई पोचलेला हायेस बे तू. तारीख वाढवायला आता आजाराचं सोंग? वकिलानंच शिकवलं ना?"

त्यानंतर मी कागदाची घडी केली. याच लोकांच्या पंगतीत कोण कुठल्या रांगेला बसतं हे मी इतकी वर्षं बघत आलो होतो, आणि तरी मला वाटत होतं की माझ्या मंडपात जेवला तो माझा झाला. तो मंडपाचा असतो. मंडप सुटला की गेला.

एकटाच बीडला गेलो. खिडकीतून आवाज आला, "नातेवाईक?"

"अहो, मी सुदाम. मंडपवाला. रोजचा आहे."

"रोजचे आहात म्हणूनच पाटी रोज वाचता. नातेवाईक?"

मी आवाज चढवला. नियमाला, सरकारला, त्याच्या चहाला शिव्या दिल्या. त्यानं शांतपणे मागच्याला पुढं बोलावलं. बाजूच्या बाकावर शोभा बसली होती. त्या दिवशी सावडीचं बसणं तिचं होतं. मला बघून ती जागची उठली नाही, आणि का उठावं तिनं? मी सावडीत नव्हतो. मी खुर्च्या देणार होतो.

गयाबाईनं तिला कोपरानं ढोसलं. "घे त्याला बी."

"त्यांनी दिवस दिलाय का कधी?" शोभा म्हणाली.

"न्हाई दिला. देईल. तण काय एकट्याच्याच रानात माजतं व्हय?"

शोभा उठली, खिडकीशी गेली आणि म्हणाली, "हे मामा हायत माझे." सही केली. मग वळून मला म्हणाली, "येत्या गुरुवारी तुमचं माणूस बसंल. माझी कापसाची वेचणी हाय, अशोकला दीर आणणार हाय, पण त्यो दुसऱ्यासाठी सही करत न्हाई. गयाबाईला तुमच्याशिवाय कुणी न्हाई. सावडीचा दिवस बुडवू नका."

कावेरीचा हात प्लास्टरमधे. माझ्या कागदावरचे सगळे साक्षीला घाबरलेले. आणि गुरुवारी गयाबाई खिडकीपुढं उभी राहणार होती. एकदा सुजलेले ते डोळे मी बघितले होते.

उरला होता एकच माणूस, आणि तो माझ्यावर वकील लावून बसला होता.

*

किसनअण्णा रानात ज्वारीला पाणी देत होता. मला बघून त्यानं खोरं सोडलं नाही.

"कावून आलास बे? मोजणीला?"

म्हटलं, अण्णा, दावा नाही. कधीच नव्हता. मी आजारी आहे.

"वकील म्हणलाच होता, कुठंच नोंद सापडत न्हाई. मी म्हणलं, सुदाम्या आतल्या गाठीचा. वर हायकोर्टात टाकला आसंल."

मी शर्टाची बाही वर केली आणि डावा हात पुढं धरला. मशीनसाठी त्या हातात छोटं ऑपरेशन करून दोन शिरा जोडल्या आहेत. तिथं कातडीखाली रक्ताची भुणभुण दिवसरात्र चालू असते. "बोट ठेव," म्हटलं.

त्यानं ठेवलं आणि चटका बसल्यासारखं काढून घेतलं. "मधमाशी हाय का काय आत?"

मग सगळं सांगितलं. पाणी, काटा, पाटी, गयाबाई, गुरुवार. तो ऐकत होता, पण माझ्याकडं बघत नव्हता. बांधाकडं बघत होता. मीही बघितलं. तिथं बोर नव्हती. बुंधा होता, ताजा.

"तोडली मी," तो म्हणाला. "बोर बांधाच्या कुण्या बाजूला, यावरून निकाल फिरतो म्हणला वकील. पुरावाच नको म्हणून तोडली."

लहानपणी त्या झाडाखाली आम्ही दोघांनी एकमेकांची डोकी फोडली होती. माझ्या एका थापेनं ती बोर गेली. किडनी जाताना मला रडू आलं नव्हतं. तिथं आलं.

"गुरुवारी येशील का?" मी विचारलं.

त्यानं खोरं उचललं, पुढच्या वाफ्याचं बारं फोडलं आणि पाण्यामागं चालत गेला. 

*

हे मी मशीनवरच्या दिवसांत, उजव्या हातानं लिहितो आहे. डावा अडकलेला असतो. ज्यांच्या घरी हा आजार नवा आला आहे त्यांना सांगायला माझ्याकडं थोडंच आहे. लवंग धरा. काट्याशी खोटं बोलू नका. आणि पहिल्याच दिवशी, लाज वाटायच्या आत, आजाराचं नाव गावात मोठ्यानं सांगा. धंदा बुडेल म्हणून मी लपवलं होतं. खरं कळल्यावर दोन-चार गिऱ्हाइकं गेलीही. पण उरलेले विचारतात, मशीनची पाळी कधी असते, तो दिवस सोडून लग्न धरू.

पाटी तिथंच आहे. तिच्यावर माझा राग आहे तसाच आहे आणि तो मला जपायचा आहे. सावडीनं आम्ही वाचलो म्हणून ती पाटी बरोबर ठरत नाही. गरिबांनी आपली माणसं कशीबशी उसनी उभी केली की त्याचं कौतुक करून मोकळं व्हायची आपल्याला फार सवय आहे. ज्या पेशंटाला शोभा भेटली नाही त्याचं काय झालं, ते विचारायला कुणी बॅनर घेऊन येत नाही.

तर, गुरुवार.

बसमध्ये अण्णा नव्हता. दवाखान्याच्या पायरीवर नव्हता. गयाबाई खिडकीजवळच्या बाकावर आधीच येऊन बसली होती. मला एकट्याला बघितलं आणि तिनं तोंडातली लवंग काढून पदराला बांधली. आजही पाळी चुकणार, आता जपून वापरायची, असं तिनं ठरवलं असावं.

"येईल," मी म्हणालो.

"कोण?"

तेवढ्यात नंबर पुकारला. आम्ही दोघं खिडकीशी गेलो, दोन पेशंट, पेशंट नातेवाईक होत नसतो. आतला माणूस तोंड उघडणार एवढ्यात माझ्या खांद्यावरून एक मातीनं भरलेला हात आत गेला आणि खिडकीच्या फळीवर टेकला. अण्णा. धापा टाकत होता. एस.टी. चुकली म्हणून मोटारसायकलवर आला होता.

"या दोघांसोबत मी हाय," तो म्हणाला.

खिडकीतल्या माणसानं पेन उचललं. "आजींचे कोण?"

"ल्योक."

गयाबाईनं त्याला पहिल्यांदाच बघितलं होतं. तिनं मान डोलावली. "थोरला," ती म्हणाली.

"आणि यांचे?"

अण्णानं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं.

"याचा कुणी न्हाई. सामनेवाला लिहा."